राळ्याचं बी

दोन्ही पोरं चाकणच्या कंपनीत लागली, तसा बयाबाईच्या रानात या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसता ऊस झाला. घरातलं राळ्याचं बी कधीच संपलं, पण तिला घोर नव्हता. बी एकाच घरात ठेवू नये, ही आईची शिकवण. म्हणून तिनं मागंच शेरभर बी येडगावला धाकट्या बहिणीला, ठकूला देऊन ठेवलं होतं. यंदा भोगीला घरच्याच राळ्याचा भात करायचा, म्हणून थोरल्याशी भांडून तिनं विहिरीजवळचा एक वाफा राखला आणि पेरणीच्या तोंडावर एस्टीनं येडगाव गाठलं.

तिला दारात बघून ठकूचा चेहरा खुलला.


"बरं झालं आक्का, तूच आलीस! राळ्याचं बी न्यायला मी उद्या तुझ्याकडंच येनार व्हते."