हिरकणी कक्षाचं दार

मनालीनं काचेवर तळहात ठेवला तसा हिरवा उजेड तिच्या कातडीखाली फिरला. सुई नको, रक्त नको. जिवंत पेशींतला रेणू न् रेणू हे दार उजेडानंच वाचायचं.

"ताणाचे रेणू मर्यादेबाहेर," पडद्यावर उमटलं. "शांत व्हा. पाच मिनिटांनी पुन्हा या."

दूध पाजायला कारखान्यानं वीस मिनिटं दिली होती. त्यातली दहा दारातच गेली. ही तिसरी खेप, आणि पडद्यावरचा ताणाचा आकडा दर खेपेला वाढतच होता. आत तिचं चार महिन्यांचं पोर रडून लालबुंद झालं होतं.

"मी तरी काय करू गं?" बाळं सांभाळणाऱ्या कुंदाताई काचेपलीकडून म्हणाल्या. "ताणातल्या आईचं दूध बाधतं, असं साहेब म्हणतात. जरा चांगले विचार कर की."

"पोर भुकेनं रडतंय आणि मी चांगले विचार करू?" मनालीनं दारावर थाप मारली. "ताई, या खोलीचं नाव काय?"

"हिरकणी कक्ष."

"ती बाई तान्ह्या पोरासाठी अंधारात गडाचा कडा उतरली. खाली पोचली तेव्हा काय शांत होती? तिलाही असंच दारात उभं केलं असतं ना तुम्ही?"

कुंदाताईंनी पाळण्याकडे पाहिलं. मग दार उघडायला त्यांनी आतून स्वतःचा तळहात काचेवर टेकवला. हिरवा उजेड फिरला.

"ताणाचे रेणू मर्यादेबाहेर. शांत व्हा."

"मनाली, बाजूला हो," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी लोखंडी खुर्ची उचलली.