विषय : हायकोर्ट जवळ आणण्याबाबत

टायपिंगच्या दुकानात रेणुकानं कीबोर्ड पुढं सारला नि कपाळावर हात मारला. "मावशी, हा चौथा अर्ज! आता कोणाच्या नावानं करू?"

मंजुळाबाईनं पिशवीतून तीन उत्तरं काढून टेबलावर मांडली. तालुक्याचं, जिल्ह्याचं, मुंबईचं. तिन्हींचा मतलब एकच : हे आमच्या हातात नाही.

मागणी तशी साधी. अठरा वर्षं शाळेत खिचडी शिजवली नि एका कागदानं बाईला घरी बसवलं. त्याविरुद्धची केस नागपूरला, हायकोर्टात. देऊळगाव राजाहून संभाजीनगरचं हायकोर्ट अडीच तासांवर, नागपूर एसटीनं दहा तास. पण बुलडाणा जिल्हा जोडलेला नागपूरला; तो संभाजीनगरला जोडा, एवढंच मागणं. आणि मंजुळाबाईचे गुडघे आता दहा तास बसू देत नव्हते.

"पण तुम्ही जाता कशाला? वकील आहे ना तिथं!"

"वकिलापाशी माह्यासारख्या छप्पन्न हायेत. धनी नसला का ढोर कोनीबी हाकलते. मी समोर दिसली, तं जजसाहेबाले याद राह्यते, खिचडीवाली अजून जित्ती हाये."

अकरा तारखांत जजसाहेबांनी एकदाही तिच्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, हे तिनंच मागं सांगितलेलं. रेणुकानं कीबोर्ड परत जवळ ओढला.

"हे बघा. हायकोर्टासाठी कोणत्या जिल्ह्यानं कुठं जायचं, तो कायदा दिल्लीच्या संसदेचा. तहसीलदार नाही, कलेक्टर नाही, मुंबईचा मंत्रीसुद्धा नाही. तिथं पाचशेच्या वर खासदार बसतात. ते बदलतील तेव्हा बदलेल!"

"मंग त्याइलेच लिही. पाचशातून एखाद्याचे तरी गुडघे दुखत असतीन."

रेणुकाला हसू आवरेना. वैतागतच तिनं अर्ज टाइप केला नि मोठ्यानं वाचून दाखवला. "...नागपूरच्या न्यायालयामुळे मला अतोनात त्रास..."

"थांब. तरास काढ. कोर्टानं मले काई तरास नाई देल्ला. लांब पडते, एवढंच लिही."

रेणुकानं काढला.

"अन् याची एक प्रत नागपूरले लाव."

"त्यांना कशाला आता?"

"माहा निकाल त्याइच्याच हाती हाये ना वं. माघारी चुगली केली, असं वाटाले नको."

रेणुकानं आणखी एक प्रत काढली. दिल्लीच्या कागदावर मंजुळाबाईनं अंगठा टेकवला नि उचलला. नागपूरच्या कागदावरून मात्र तो बराच वेळ उचललाच नाही.