छपाईची चूक

फळ्यावर उत्तर आलं, अधिक एकशे त्र्याऐंशी. श्यामला मॅडमनी त्याला चौकट केली आणि खाली लिहिलं, ‘उष्माग्राही’, म्हणजे उष्णता शोषून घेणारी अभिक्रिया. बिबवेवाडीतल्या त्या क्लासच्या खोलीत अकरावीची तीस मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती.

शेवटच्या बाकावरून मैना उठली. हडपसरच्या पलीकडून दोन बस बदलून ती यायची आणि सहसा बोलायची नाही.

“मॅडम, हायड्रोजनचा बंध तोडाया ताकद लागती की. मग तोडल्यावर ती बाहेर कशी पडंल? उलटं झालंय वाटतं.”

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं. तास संपत आला होता आणि अजून चार गणितं राहिली होती.

“तोडाया?” त्या म्हणाल्या. “अगं, हे रसायनशास्त्र आहे, ऊसतोडणी नव्हे.”

वर्ग हसला. पुढून कोणीतरी ‘लागती की’ म्हणालं आणि पुन्हा हसू फुटलं. मॅडमही हसल्या, थोड्या. मैना खाली बसली. वहीत आधी सोडवलेलं तिने खोडलं आणि फळ्यावरचं उत्तर लिहून घेतलं.

घरी जाताना गंगाधाम चौकातल्या सिग्नलला स्कूटर थांबली आणि ते गणित श्यामला मॅडमना जसंच्या तसं डोळ्यांपुढे दिसलं. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. बंध जुळताना ती बाहेर पडते. अठरा वर्षं त्या हेच शिकवत आल्या होत्या. सोमवारच्या बॅचलाही हेच सांगितलं होतं. आज चिन्हं उलटी पडली होती. उत्तर वजा एकशे त्र्याऐंशी, उष्णता देणारी अभिक्रिया. पोरीने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल कधीचा हिरवा झाला होता.

चिन्हांचं त्यांना फार लागलं नाही. चूक कोणाचीही होते. पण ‘ऊसतोडणी’ हा शब्द कणीक मळताना आला, जेवताना आला, ओटा पुसताना आला. आणि त्यावर आपण हसलो होतो. दिगंबररावांनी विचारलं, “बरं नाही का?” नवऱ्याला त्या म्हणाल्या, “डोकं दुखतंय जरा.”

ओट्याशी उभं राहूनच त्यांनी वाक्य तयार केलं. ‘काल मी चुकले. मैनाचं बरोबर होतं, आणि मी तिला तसं बोलायला नको होतं.’ दोनदा म्हणून पाहिलं. अवघड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. मॅडमनी तेच गणित फळ्यावर पुन्हा मांडलं, बरोबर चिन्हांनी. मग त्या मुलांकडे वळल्या. पहिल्या बाकावर श्रीनिवास पेनचं टोपण काढून तयार बसला होता.

“काल,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “काल शेवटच्या गणिताचं उत्तर उलटं आलं. पुस्तकात छपाईची चूक आहे. दुरुस्त करून घ्या.”

हे वाक्य त्यांनी तयार केलं नव्हतं. तरी ते न अडखळता आलं.

श्रीनिवासने दप्तरातून तेच पुस्तक काढलं. “कुठल्या पानावर, मॅडम?” उत्तराची वाट न बघता तो पानं उलटू लागला. आणखी दोघातिघांनी पुस्तकं उघडली. मॅडम हातातल्या खडूकडे बघत राहिल्या.

“माझ्यात तर बरोबर छापलंय,” श्रीनिवास म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो फक्त ओळीवर बोट ठेवून वाचत होता.

मॅडमच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“माझ्यात चुकलंय,” मागून मैना म्हणाली. “माझं जुनं आहे. नव्यात सुधारलं असेल.”

“हां, मग बरोबर,” म्हणत श्रीनिवासने पुस्तक मिटलं. बाकीच्यांनीही मिटली. तास पुढे सुरू झाला. राहिलेली चार गणितं मॅडमनी एकामागून एक सोडवून घेतली. शेवटच्या बाकाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तास संपला. मुलं जिना उतरून गेली. मैना मागे राहून दप्तर भरत होती. मॅडम तिच्या बाकापाशी गेल्या.

“बघू तुझं पुस्तक.”

तिने दिलं. अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं जुनं पुस्तक होतं. पहिल्या पानावर दोन नावं खोडलेली, खाली तिसरं मैनाचं. मॅडमनी पान काढलं. चिन्हांचा नियम बरोबर छापला होता. उत्तरही बरोबर होतं, वजा एकशे त्र्याऐंशी. त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

“इथे चूक नाहीये,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच नीट ऐकू आला नाही.

“नाही.”

“मग तसं का सांगितलंस?”

मैनाने त्यांच्या हातातून पुस्तक हळूच घेतलं आणि दप्तरात ठेवलं.

“सगळे हसले की लई,” ती म्हणाली आणि अडली. मग शब्द बदलून, सावकाश म्हणाली, “फार वाईट वाटतं, मॅडम.”