सात नंबरचं घराणं

"नऊ," सेल्समन म्हणाला.

धाकट्याने खाली पाहिलं. मापाच्या लोखंडी पाटीवर त्याचा उजवा पाय ठेवलेला होता. अंगठ्याला बँडेज होतं.

"नीट बघा," शेजारच्या खुर्चीवरून दादा म्हणाला. "आमच्या घरात सगळ्यांचा सात आहे. बाबांचा सात, माझा सात, ह्याचा सात."

"काका, पाय नऊचा आहे."

"पायाला काय कळतंय?"

धाकटा त्रेपन्न वर्षांचा होता. आजवर त्याचा पाय कुणी मोजला नव्हता, तशी गरजच पडली नव्हती. दादा दरवर्षी एकदम सहा जोड आणायचा, सगळे काळे, सगळे सात नंबर. घरातला कुणीही दारातले कुठलेही दोन बूट पायात सरकवून बाहेर पडायचा. भांडण नाही, तंटा नाही. गल्लीत लोक त्यांच्या एकोप्याचं उदाहरण द्यायचे. धाकटा तेवढा लंगडायचा, पण एवढ्या मोठ्या कुटुंबात एखादा लंगडायचाच.

काल डॉक्टरांनी अंगठा पाहिला होता. मोठा बूट घ्या, नाहीतर सोमवारी अंगठा काढावा लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. दादाने दोन्ही बाजूंनी विचार केला होता.

"काढू दे की," तो आता सेल्समनला समजावू लागला. "अंगठा गेला की सात नंबर कसा ऐसपैस होईल."

सेल्समनने नोकरीत बरंच काही ऐकलेलं होतं. तो नऊ नंबरचा खोका घेऊन आला.

"दादा, घालून तर बघतो."

"बघ बाबा. आमच्या चिरंजीवांनीही नुसता घालूनच बघितला होता. कुठे आहेत आज?"

"परदेशात."

"बघ!"

"मजेत आहे म्हणे."

"म्हणे!" असं म्हणून दादा भिंतीकडे तोंड करून बसला.

टाच सरकवायला शूहॉर्न लागलंच नाही. पाय आपणहून आत गेला. धाकटा उठला, आणि मूठ उघडावी तशी आत बोटं पसरली. दुकानातला आरसा गुडघ्यापर्यंतचाच होता. त्यात कुणीतरी सरळ चालत होतं. कोण आहे ते बघायला धाकटा थांबला, तर तोही थांबला.

"जरा रस्त्यावर चालून बघा," सेल्समन म्हणाला. हे दुकानाच्या नियमात बसत नव्हतं, पण मोठा भाऊ तारण म्हणून आत होताच.

धाकटा बाहेर पडला. एरवी तो अंतर कळांवर मोजायचा. घर ते कचेरी सहाशे कळा, दवाखाना नव्वद. आज एकही कळ आली नाही, त्यामुळे आपण किती लांब आलो हेच त्याला समजेना. चौक लागला. चार रस्ते फुटत होते. त्याने पायांचा अंदाज घेतला. पाय तयार होते. डावीकडे तयार, उजवीकडे तयार, सरळ म्हटलं तर सरळही तयार. त्याने विजेचा खांब धरला.

"काका, कुठे जायचंय तुम्हाला?" एका बाईने थांबून विचारलं.

"मला काही सांगितलेलं नाही," धाकटा म्हणाला, आणि आला तसा माघारी फिरला.

दुकानात दादा उघड्या पायांनी बसला होता. मोजे गुडघ्यावर, चेहरा पार उतरलेला.

"बसल्या बसल्या मीही मोजून घेतला," तो हळूच म्हणाला. "साडेआठ निघाला. घरी बोलू नकोस."

"मग सात कुणाचा?"

"कुणास ठाऊक. तू घे बाळ, नऊ घे. माझं काय, माझं झालं आता सगळं चालून. तू घे."

धाकटा स्टुलावर बसला. त्याने उजवा बूट काढला.

"ढिला होतोय," तो सेल्समनला म्हणाला. "पाय आत भटकतो."

"ढिला नाही काका. अंगठ्याला एवढी जागा लागतेच."

"पुढे कागद घाला."

सेल्समनने दादाकडे पाहिलं. दादाने मानेनेच नको म्हटलं. "अरे, तो अंगठा... सोमवारी तो डॉक्टर..."

"घाला हो तुम्ही."

सेल्समनने खोक्यातला पातळ कागद चुरगळून एक बोळा बुटाच्या टोकाशी सारला. धाकटा चार पावलं चालून आला आणि म्हणाला, अजून एक. तिसऱ्या बोळ्यासाठी बूट काढला तेव्हा बँडेज लाल झालं होतं. सेल्समनने हात मागे घेतला. मग तो बोळा धाकट्याने स्वतःच आत कोंबला, बूट चढवला, नाडी करकचून बांधली. दारापर्यंत तो लंगडत गेला आणि लंगडत परत आला. चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता.

"आता कसं!" तो म्हणाला. मग स्टुलावर बसून त्याने डावा पाय सेल्समनपुढे केला.

"ह्यातही घाला. हा एकटाच मोकळा राहिलाय."