अठ्ठावन्न किलो

खाडीचं पाणी अंगणात आलं होतं. घरटी एकच सरकारी ट्रेलर, तोही बिनड्रायव्हरचा. वजन मर्यादेत आलं की मिनिटभरात तो आपोआप निघायचा, आणि थेट छावणीतच थांबायचा. पास्कूने कपाट उतरवलं, गाद्या उतरवल्या, तरी ट्रेलरच्या वजनाच्या पडद्यावर अठ्ठावन्न किलो जास्तच दिसत होते.

“लेथ मशीन काढतो, पपा.”

“ते राहू दे. पोरांना काय खायला घालशील?” म्हणत इनास खाली उतरले. चाळीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस. निघण्यापूर्वी प्रत्येक टायर लोखंडी टॉमीने ठोकून बघायची त्यांची सवय. पास्कूला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

तिसरा टायर ठोकला आणि ट्रेलर हलला.

“पपा, चढा लवकर.”

इनास दोन पावलं मागे सरकले.

“हवा बरोबर आहे,” ते म्हणाले.