कोळिणीची मान

ओकबाईंनी पत्र्याचं बिनबुडाचं पिंप वर उचललं आणि आतली ठासलेली ओली वाळू खांबासारखी उभी राहिली.

"सतरा बादल्या पाणी मुरवलंन बाईंनी," शेजारच्या चौकोनातून दत्ताराम नाटेकर बायकोला म्हणाले. त्यांनी मोजलं होतं. गणपती घडवण्यात हयात गेली, तरी गुहागरच्या या वाळूशिल्पांच्या स्पर्धेत दोन वर्षं पहिला नंबर ह्या चित्रकलेच्या बाईंचा आणि दुसरा त्यांचा.

वाळू वरून खाली कोरत यायची असते, एकदा खाली आलं की वर लक्ष राहत नाही. दुपारी बाई खाली बसून वाळूच्या कोळिणीच्या लुगड्याचा काठ कोरत होत्या. वर डोक्यावरच्या टोपलीखाली मान उन्हाने वाळून पांढरी पडली आणि तिला केसाएवढी चीर गेली. ती दिसली एकट्या नाटेकरांना. मान पडली की पहिला नंबर त्यांचा. फक्त गप्प बसायचं होतं.

पण हात आधी गेला, मत्सर मागून पोचला. नाटेकर आपला वाळूचा देवमासा सोडून पंप घेऊन धावले आणि त्यांनी मानेवर बारीक फवारा धरला. वाळू पुन्हा घट्ट झाली.

पहिला नंबर ओकबाईंचा आला. नाटेकर तिसऱ्यांदा दुसरे. परीक्षकांनी माइकवरून त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं आणि विचारलं, "पण एवढीशी चीर तुम्हाला तिकडून दिसली कशी?"



"दिसेल नाहीतर काय!" गर्दीतून बायको ओरडली. "सकाळपासून ह्यांनी स्वतःच्या देवमाशाकडे बघितलंय कुठे?"