जसे आहेत तसे

“दात पांढरे नकोत,” द्रौपदी म्हणाली. “गुटख्याने किटलेत ते. मुळाशी तर काळेच आहेत.”

श्यामकांत चौबळांनी हातातली फिकट पिवळी पेन्सिल ठेवली आणि तपकिरी उचलली.

चौबळ अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सुट्टीच्या दिवशी बेलवलीच्या आपल्या घरात खिडकीपाशी बसून ते रंगीत पेन्सिलींनी माणसांचे चेहरे काढायचे. गेलेल्या आईवडिलांचे फोटो घेऊन बदलापूरभरचे लोक यायचे. मागणी ठरलेली. जरा उजळ करा, सुरकुत्या कमी करा.

उलटं मागणारी ही पहिलीच बाई. उल्हासनगरजवळच्या विठ्ठलवाडीहून येते म्हणाली. सोबत नवऱ्याचा लग्नातला फोटो होता. सडपातळ, नीट भांग पाडलेला तरणा माणूस.

“आता हे असे राहिले नाहीत,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “मी सांगते तसं बदलत जा, काका. आज जसे आहेत तसे हवेत.”

“त्यांनाच घेऊन या की. समोर बसले तर काम सोपं होईल.”

“रविवारी त्यांना वेळ नसतो.”

मग ती भिंतीवरच्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली होती.

“ही कोण?”

“आमची सुनेत्रा. एकुलती एक. उल्हासनगरला नोकरीला आहे.”

“कपाळावरचा व्रणसुद्धा काढलात.”

“आहे तो. लपवायचा कशाला?”

“म्हणूनच तुमच्याकडे आले,” द्रौपदी म्हणाली.

त्यानंतर ती दर रविवारी दुपारी येऊ लागली. स्टुलावर ताठ बसायची आणि सांगत राहायची. गालफडं सुजल्यासारखी करा. डोळ्यांखाली पिशव्या आहेत. नाकावर छिद्रं दिसतात, तेलकट. खालचा ओठ लोंबतो, आणि कायम ओला असतो.

चौबळ ऐकत आणि रंग चढवत. आधी हलक्या हाताने नारिंगी, त्यावर तपकिरी, मग सावलीत गडद लाल आणि जांभळा. ओठाचा ओलेपणा दाखवायला त्यांनी कागदाचा बारीकसा पांढरा ठिपका तसाच सोडला. तो ठिपका चकाकायला लागला. बायकोने, कुंदाताईंनी आणून ठेवलेला चहा त्यांनी तसाच बाजूला सारला.

“हसताना काढा,” द्रौपदी म्हणाली.

“कसे हसतात?”

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला.

“मी तांदूळ धुते त्या मोरीत ते थुंकतात. एकदा बोलले मी. तर मुद्दाम पातेल्यातच थुंकले. घरात तेवढेच तांदूळ होते. धुऊन धुऊन शिजवले आणि पोरांना वाढले. पोरं जेवत होती, आणि हे दारात उभे राहून बघत होते. तेव्हा हसले, ते हसू.”

तिचा आवाज जराही हलला नाही. चौबळांना किळस आली. त्या माणसाची तर आलीच, पण या बाईचीही. आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या घरात आणून ओतायची, ती अशी थंडपणे!

“काय बाई तरी!” ती गेल्यावर ते कुंदाताईंना म्हणाले. “नवऱ्याचं चित्र काय त्याच्यावर थुंकायला काढून घेतेय?”

“मग नाही म्हणून सांगा सरळ. मला नको असलं तोंड घरात. देव आहेत इथे.”

पण नाही म्हणवत नव्हतं. इतका खरा चेहरा त्यांच्या हातून कधी उतरलाच नव्हता. काम थांबलं की ते कागद कपाटात उलटा करून ठेवत आणि साबण लावून हात धूत. जेवताना मात्र तो ओठ डोळ्यांपुढे यायचा. एकदा ते भातावरून उठलेच.

“बाबा, बरं नाही का?” सुनेत्राने विचारलं होतं. रविवारी तिचा कॉम्प्युटरचा क्लास असायचा, त्यामुळे घरात येणाऱ्या या बाईची तिला गंधवार्ताही नव्हती.

“पित्त झालंय,” ते म्हणाले होते. मुलीसमोर हे कुठे बोलायचं?

आज दात झाले, आणि चित्र पुरं झालं.

चौबळांनी ते टेबलावर भिंतीला टेकवून उभं केलं. द्रौपदी उठली, दोन पावलं मागे सरली. बघताबघता तिचा हात आपोआप गालाकडे गेला, मार चुकवायला जावा तसा.

“हेच,” ती म्हणाली. “अगदी हेच.”

“घेऊन जा मग.”

“राहू द्या इथेच.”

“इथे? आमच्या घरात?”

“मला चित्र कशाला, काका? मला रोजच दिसतात की.”

चौबळांचा पारा चढला. “मग इतके दिवस माझ्याकडून हे गलिच्छ काम का करवून घेतलंत?”

द्रौपदीने चपला पायात सरकवल्या. पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले होते.

“कपाटात ठेवू नका एवढंच. संध्याकाळपर्यंत बाहेर असू द्या.”

ती गेली. चौबळ खुर्चीत बसून राहिले. समोरून तो चेहरा हसत होता. शेवटी असह्य होऊन त्यांनी कागद उचलला. फाडायचाच, असं ठरवून दोन्ही हातांत धरलाही. तेवढ्यात दार लोटून सुनेत्रा आत आली.

कागद लपवायला वेळच मिळाला नाही. असलं ओंगळ थोबाड पोरीच्या नजरेला पडलं, म्हणून ते ओशाळले.

“अगं, हे... टाकूनच देत होतो.”

सुनेत्रा खांद्यावरची पर्स न काढताच जवळ आली. चित्राकडे बघत राहिली. मग एकदम खाली वाकून तिने वडिलांच्या पायांना हात लावला. उठली तेव्हा तिचा चेहरा लाजेने आणि आनंदाने फुलून गेला होता.

“तुम्ही यांना कधी भेटलात, बाबा? मी तर भीतीने घरात विषयच काढत नव्हते. म्हणजे... तुम्हाला हे पसंत आहेत?”